गंजाच्या भुकटीत साठलेला आवाज

1. प्रश्न नेमका काय आहे?

प्रल्हाद शिंद्यांचं कुठलंही गाणं मोबाइलवर क्षणात लागत असताना जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेण्यात काय अर्थ आहे? पंढरपूर-मंगळवेढ्याच्या घरांमध्ये अजून ट्रंकेत पडलेल्या कॅसेटी काढून टाकाव्यात की ठेवाव्यात, याचा निर्णय बहुतेक वेळा याच प्रश्नाच्या उत्तरावर होतो. लोक सहसा दोन उत्तरं देतात. काही म्हणतात, टेपचा आवाज खरोखरच जास्त चांगला असतो. काही म्हणतात, तसं काही नाही, ही जुन्या दिवसांची ओढ आहे. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. पहिलं उत्तर मोजमापापुढे टिकत नाही. दुसऱ्यातून हे कळत नाही की ज्यांनी लहानपणी कॅसेट पाहिलीच नाही अशी मुलं आज नव्या कॅसेटी का विकत घेतात, आणि संगणकावर गाणी तयार करणारे स्टुडिओ टेपसारखा आवाज देणारी सॉफ्टवेअरं पैसे मोजून का घेतात. माझं म्हणणं असं आहे की टेप कमी अचूक आहे हे खरं; पण तिची चूक कानाला मानवणारी होती आणि खिशाला परवडणारी होती. तिच्या टिकून राहिलेल्या आकर्षणाचं मूळ या दोन गोष्टींत आहे, आणि दुसरी गोष्ट सोलापूर जिल्ह्यात जितकी ठळक दिसते तितकी फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

2. फितीवर आवाज बसतो कसा

कॅसेटच्या आत तपकिरी रंगाची अरुंद फीत असते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी चिकट द्रव्यात कालवून लावलेली असते. लोखंडावर चढणारा गंज हाही लोहाचा ऑक्साइडच. फितीवरची भुकटी त्याच कुळातली, फक्त तिचे कण लांबट आणि चुंबकीय होतील अशा रीतीने घडवलेले. ही फीत 'हेड'समोरून सरकते. हेड म्हणजे अगदी बारीक फट असलेला विद्युतचुंबक. माइकमधून आलेला विजेचा प्रवाह आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो, तसं हेडचं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि समोरून जाणाऱ्या कणांवर त्याचा ठसा राहतो. वाजवताना हेच उलट्या क्रमाने घडतं. आवाजाच्या चढउताराशी चुंबकत्वाचा चढउतार सलग जुळलेला असतो, मध्ये आकडे येत नाहीत. अॅनालॉग म्हणतात ते याला.

डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी 1898 मध्ये पोलादी तारेवर आवाज नोंदवून दाखवला. 1928 मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी जर्मनीत कागदाच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी लावली आणि 1935 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फितीवर चालणारं 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांपुढे आलं. एक अडचण मात्र उरली होती. क्षीण चुंबकत्वाला हे कण नीट प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे हळू आवाज फाटका यायचा. 1940 च्या सुमारास जर्मन रेडिओच्या अभियंत्यांनी त्यावर उपाय वापरात आणला: आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणारी अतिशय उच्च कंपनांची एक लहर हेडला द्यायची. तिला 'बायस' म्हणतात. ती कणांना सतत हलतं ठेवते, मग हळू आवाजही स्वच्छ उमटतो. या बायसकडे शेवटी परत यावं लागणार आहे.

आपण ज्याला कॅसेट म्हणतो ती फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या हाताखाली तयार झाली आणि 1963 मध्ये बर्लिनमध्येच दाखवली गेली. तिची फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. यावरून एक छोटा हिशेब करता येतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे 1,800 सेकंद. त्याला 4.76 ने गुणलं तर सुमारे 86 मीटर फीत होते. आता दुसरा हिशेब: टाळाची किणकिण सेकंदाला 10,000 कंपनांपर्यंत सहज जाते. एका सेकंदाच्या 4.76 सेंटिमीटरमध्ये 10,000 कंपनं बसवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात 4.76 मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हेडवर धूळ बसली किंवा हेड किंचित तिरपं झालं की टाळ मुका होतो आणि आवाज 'घोंगडीआडून' आल्यासारखा वाटतो, तो या आकड्यामुळे. स्टुडिओतल्या स्पूलची फीत सेकंदाला 38 सेंटिमीटर धावते, त्यामुळे तिथे त्याच कंपनाला आठपट जागा मिळते.

3. जकार्डची भोकं आणि मोबाइलमधलं गाणं

डिजिटल म्हणजे काय हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. फ्रान्सच्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास रूढ केलेल्या या पद्धतीत जाड कार्डांवर भोकं पाडलेली असतात. एकेका जागेला एकच प्रश्न: भोक आहे की नाही? असेल तर उभा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. कार्डामागून कार्ड सरकत जातं आणि या 'हो-नाही'तून फूल, वेल, मोर उभे राहतात. गाण्याची फाइलही अशीच 'हो-नाही'ची रांग असते. सीडीमध्ये दर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची पातळी मोजतात. प्रत्येक मोजमाप 16 'हो-नाहीं'नी लिहितात, त्यातून 65,536 वेगवेगळ्या पातळ्या दाखवता येतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले तर सेकंदाला 14,11,200 भोकांचा हिशेब होतो.

इथेच एक गैरसमज तयार होतो, आणि टेपच्या बाजूने बोलणारे तो आवर्जून पसरवतात. चादरीवरच्या मोराची कड जवळून पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते, तसा डिजिटल आवाजही पायऱ्यांचा असणार आणि दोन मोजमापांच्या मधला आवाज हरवणार, असं त्यांना वाटतं. जकार्डची तुलना इथे संपते. गणिताने सिद्ध झालेलं आहे की आवाजातल्या सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप घेतलं, तर त्या मोजमापांतून मूळची सलग लहर परत उभी करता येते. माणसाचा कान फार तर 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीहून 44,100 हा आकडा जास्त आहे. वाजवताना यंत्र त्या मोजमापांमधून सलग वळण काढतं. स्पीकरपर्यंत पायरी पोहोचत नाही.

बाकीच्या कसोट्यांवरही डिजिटल पुढे आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा स्वच्छ आवाज यांतलं अंतर सीडीवर सुमारे 96 डेसिबल असतं, साध्या कॅसेटवर 50 ते 60. डिजिटल प्रतीची प्रत तंतोतंत मूळच असते. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी सळसळ वाढते. अचूकता हाच निकष असेल तर वाद इथे संपला, आणि तो डिजिटलने जिंकला. टेपचं समर्थन करायचं असेल तर ते दुसऱ्या जागी उभं राहून करावं लागेल.

4. चूक खरी, पण कोणत्या जातीची?

सगळ्या चुका कानाला सारख्या वाटत नाहीत, ही ती जागा. हलगीचा विचार करा. टिपरीचा फटका चामड्यावर पडतो तेव्हा आवाज एका क्षणात शिखर गाठतो आणि लगेच कोसळतो. माइक जवळ असेल तर ते शिखर यंत्राच्या क्षमतेबाहेर जातं. डिजिटल यंत्राची शेवटची पातळी ठरलेली असते, तिच्या वरचं सगळं सपाट कापलं जातं. त्या कापाच्या कोपऱ्यांतून मूळ आवाजात नसलेली कर्कश कंपनं जन्माला येतात आणि ठोका फुटल्यासारखा ऐकू येतो. फितीवर असा काठ नसतो. आवाज मोठा होत जातो तसे जास्तीत जास्त कण एका दिशेला वळतात, वळायला शिल्लक राहिलेले कण कमी होत जातात, आणि शिखर हळूहळू दबतं. हलगीचा ठोका दबलेला असतो पण फुटलेला नसतो. गायकाच्या आवाजाबरोबर तो एका पातळीवर येऊन बसतो.

दबताना फीत आणखी एक गोष्ट करते. तिच्यातून मुख्यतः मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा स्वर थोडासा मिसळला जातो. पुस्तकी हिशेबाप्रमाणे षड्ज 240 कंपनांचा धरला तर त्याची तिप्पट 720. आता तार षड्ज 480, आणि कोणत्याही षड्जाचा पंचम दीडपट असतो, म्हणजे तार पंचम 720. फितीने केलेली चूक षड्जात तार पंचम मिसळते, आणि पंचम तर तंबोऱ्यात आधीच षड्जाशेजारी वाजत असतो. ही भर भारतीय कानाला भरणासारखी वाटते यात नवल नाही. टेपच्या आवाजाला 'ऊबदार' म्हणतात तेव्हा भावनेखाली एवढं भौतिकशास्त्र असतं. अनुभवी ध्वनिमुद्रक म्हणून तर फीत जरा दाबून भरतात.

यावर रास्त आक्षेप असा की ही चूक संगणकही करून दाखवू शकतो. खरं आहे, आणि टेपची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं नेमकं हेच करतात. पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं: ज्या यंत्रणेने अचूकता मिळवली, तीच आता ती अचूकता थोडी मोडण्यासाठी खर्च करते आहे. शिवाय खऱ्या फितीबरोबर काम करण्याची एक रीत येते, ती सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. समोर लहरींचं चित्र नसतं, म्हणून डोळ्याने न ठरवता कानाने ठरवावं लागतं. फीत संपणारी असते, म्हणून तालीम आधी होते. पुन्हा भरायचं तर आधीचं पुसावं लागतं, म्हणून 'हेच राहू द्या' असं कुणीतरी वेळीच म्हणतं. ही शिस्त संगणकावरही पाळता येईल असं कुणी म्हणेल. पाळता येते, पण मुभा असताना फार थोडे पाळतात.

फितीच्या सळसळीवरचा सर्वांत प्रसिद्ध उपाय भारतात सुचला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. तिथे त्यांच्या मनात आलेली कल्पना अशी: भरताना हळू आवाज उचलून घ्यायचा आणि वाजवताना तो तितकाच खाली आणायचा, म्हणजे मधे फितीने घातलेली सळसळही त्याच्याबरोबर खाली जाते. 1965 मध्ये लंडनमध्ये त्यांनी प्रयोगशाळा काढली, आणि कॅसेटवर छापलेलं ते नाव पुढे जगभर गेलं.

5. तीस मिनिटांची बाजू

आता खिशाची बाजू. कॅसेटच्या आधी आवाज विकायचा तर ध्वनिमुद्रिका छापायला कारखाना लागे, आणि भारतात ते काम मुख्यतः कोलकात्याजवळच्या डमडम इथल्या ग्रामोफोन कंपनीच्या हाती होतं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. दोन तासांचं वारकरी कीर्तन अशा तबकड्यांवर भरायचं म्हटलं तर चाळीस बाजू, म्हणजे वीस तबकड्या लागल्या असत्या. अभंगाच्या चरणावरून दृष्टांतात आणि दृष्टांतावरून परत चरणावर येण्याची कीर्तनकाराची चाल दर तीन मिनिटांनी तुटली असती. तेच कीर्तन साठ मिनिटांच्या दोन कॅसेटींत मावतं. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ आणि कीर्तनं घरोघर सकाळी वाजू लागली त्यामागे वाणी होतीच, पण तीस मिनिटांची बाजूही होती.

लांबीपेक्षा मोठा बदल मालकीचा झाला. कॅसेट भरायला कारखाना लागत नव्हता. थोडं भांडवल, काही यंत्रं आणि एक खोली यांवर लहान कंपनी उभी राहत असे. 1980 च्या दशकात देशभर अशा कंपन्या निघाल्या, आणि संगीताच्या बाजारातली जुनी मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' या 1993 च्या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल तपशिलाने मांडला आहे. महाराष्ट्रात त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मंगळवेढ्याशी नातं सांगणाऱ्या शिंदे घराण्याचं आहे. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायली, भीमगीतं गायली, कव्वाली गायली, लोकगीतं गायली. मोठ्या शहरातल्या अभिरुचीला हा आवाज खडबडीत वाटला असेल. पण एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, 14 एप्रिलच्या मंडपात आणि आषाढीच्या वाटेवर हाच आवाज हवा होता. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे तर कॅसेटच्या ऐन भरातले गायक. श्रोता आहे आणि गायकही आहे, पण दोघांच्या मधे उभी असलेली यंत्रणा त्या दोघांना ओळखत नाही, अशी जी स्थिती होती ती कॅसेटने बदलली.

आणि टेपरेकॉर्डर नुसता वाजवत नव्हता, भरतही होता. लाल बटण दाबलं की गावच्या भजनी मंडळाचा आवाज, आजीची ओवी, शाहिराचा पोवाडा, सभेतलं भाषण फितीवर उतरत असे. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू एकाच पेठेत बोलल्या जाणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात याचं मोल जास्त आहे, कारण सीमेवरची मिश्र बोली छापील पुस्तकात क्वचितच जशीच्या तशी येते. या काळाला दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. ज्या सहजतेने कॅसेट भरता येत होती त्याच सहजतेने तिची नक्कल निघत होती, आणि तोटा गायक-वादकांचा होत होता. तरीही या दोन पारड्यांत मी झुकेन ते नोंद झाल्याच्या बाजूने. बुडालेला मोबदला हा अन्याय होता. न नोंदलेला आवाज मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

6. मग फीत टिकते का?

शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी आयुष्यभर फितीवर काम करत राहिले. त्यांचा युक्तिवाद टिकाऊपणाचा होता: फाइलची पद्धत आणि सॉफ्टवेअर बदलत राहतात, फीत मात्र पुढच्या पिढीलाही वाजवता येईल. यात तथ्य आहे. फाइल बिघडली की बहुधा पूर्ण गप्प होते. फीत झिजते ती हळूहळू, आणि झिजताना ऐकू येत राहते. पण सगळ्या फिती सारख्या नाहीत. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या काही स्टुडिओ-फितींचं चिकट द्रव्य हवेतला ओलावा शोषून सुटू लागलं. अशी फीत हेडला चिकटते आणि भुकटी खरवडली जाते. मंद आचेवर काही तास काटेकोरपणे तापवून ती तात्पुरती वाजवण्याजोगी करतात, पण ते तज्ज्ञाचं काम आहे, घरच्या ओव्हनचं नाही. कोकणातल्या दमट हवेपेक्षा सोलापूरची कोरडी हवा फितीला मानवते, बुरशीही कमी धरते. मात्र इथला चाळिशीपार जाणारा उन्हाळा दुसरा त्रास देतो. उष्णतेने रिळाच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटणं वाढतं. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पुसट चाहूल लागते ती त्यामुळे. पत्र्याखालचा माळा ही कॅसेटीसाठी वाईट जागा आहे.

खरा धोका फितीपेक्षा यंत्राला आहे. युनेस्कोचा एक कार्यक्रम आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019 मध्ये जगभर इशारा दिला की 2025 च्या सुमारास फिती वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात इतके दुर्मीळ होतील की नियमित काम अशक्य होईल. नव्या कॅसेटी आजही निघतात, पण चांगलं हेड आणि स्थिर मोटर असलेली नवी यंत्रं जवळजवळ निघत नाहीत. म्हणून टेपवर प्रेम असणाऱ्याने डिजिटल प्रत काढण्याला विरोध करणं मला समजत नाही. अचूकता हे डिजिटलचं बळ आहे, तर फितीवरची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवून घेण्याचं काम त्याच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही.

7. प्रत काढताना

काम फार अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. बरीच वर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पुढे आणि मागे पूर्ण फिरवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आणि रबरी रोलर साफ करावेत; हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड कोणत्या कोनात होतं हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी हलका फिरवून टाळ सर्वांत स्वच्छ वाजेल तो कोन कानाने शोधावा लागतो. प्रत 24 बिट आणि 96,000 मोजमापांची असावी. जागेचा हिशेब असा: 96,000 गुणिले 24 गुणिले 2 म्हणजे सेकंदाला 46,08,000 बिट, म्हणजे 5,76,000 बाइट, साठ मिनिटांचे झाले सुमारे 2 जीबी. पूर्वी हा आकडा भीतीदायक होता, आज साध्या पेनड्राइव्हवर अशा डझनावारी कॅसेटी मावतात.

जपून ठेवायच्या प्रतीतून सळसळ आणि घरघर काढून टाकण्याचा मोह आवरावा. ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत वेगळी करावी. घरघर हा पुरावा असतो. मंडपातल्या ॲम्प्लिफायरची घरघर विजेच्या 50 हर्ट्झ या कंपनाशी बांधलेली असते. प्रतीत तीच 53 च्या आसपास दिसली तर फीत साधारण सहा टक्के जास्त वेगाने वाजते आहे असा अंदाज करता येतो. त्या काळी विजेची कंपनंही थोडी डळमळत, त्यामुळे हा अंदाजच. पण सहा टक्के थोडे नाहीत: काळी एकमध्ये गाणारा माणूस तेवढ्याने पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. रेडिओ आणि स्टुडिओच्या रुंद, वेगवान स्पूलवर याहून नेमकी खूण सापडते, ती म्हणजे बायसची न ऐकू येणारी लहर. तिचा क्षीण ठसा फितीवर राहतो. विशेष हेड लावून तो वाचला, की मूळ यंत्राची मोटर कुठल्या क्षणी किती अडखळली हे संगणकाला कळतं आणि स्वरातलं ते थरथरणं दुरुस्त करता येतं. ही पद्धत परदेशातल्या अनेक जुन्या मूळ फितींवर वापरली गेली आहे. नेहमीच्या डिजिटल प्रतीत मात्र ती लहर उतरत नाही, कारण 96,000 मोजमापांत 48,000 कंपनांपलीकडचं काही मावत नाही आणि बायस बहुधा त्याच्या वर असते. म्हणून प्रत निघाल्यावरही मूळ स्पूल रद्दीत न घालता थंड, कोरड्या कपाटात उभा ठेवावा.